व्होजच्या रानात पायी: ओनेकचा चढ, वाटेवरच्या खुणा आणि जाण्याआधीची तयारी

फ्रान्सच्या ईशान्येला, जर्मनीच्या सीमेलगत व्होज नावाची डोंगररांग आहे. तिचं सर्वात उंच शिखर ग्रां बालों, १४२४ मीटर. म्हणजे हरिश्चंद्रगडाएवढंच, आणि कळसूबाईहून दोनेकशे मीटर कमी. हा आकडा वाचून आपल्याकडचा ट्रेकर निर्धास्त होतो, साधे स्पोर्ट्स शूज चढवून एप्रिलमध्ये निघतो आणि शेवटच्या टप्प्यात गुडघाभर बर्फात अडकतो. व्होज ४८ अंश अक्षांशावर आहे. तिथे १३०० मीटरवर झाडांची वाढच थांबते, आणि कड्याच्या सावलीतला बर्फ मे महिन्यातही टिकलेला दिसतो. उंची विसरून ऋतू आणि उताराची दिशा या दोन गोष्टी आधी पाहिल्या, तर ही रांग फार प्रेमळ आहे. रेल्वे पायथ्यापर्यंत जाते, वाटांवर फाट्याफाट्याला खुणा आहेत आणि वर पोचल्यावर गरम जेवण मिळतं.

स्ट्रासबूर्ग, बाझेल, कार्ल्सरूह, फ्रायबुर्ग या पट्ट्यात शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मराठी मंडळींना ही रांग शनिवार-रविवारच्या टप्प्यातली. पॅरिस बघायला आलेल्यांनीही दोन दिवस काढावेत. पॅरिसहून स्ट्रासबूर्ग वेगवान गाडीने पावणेदोन तासांवर आहे आणि तिथून कोलमार आणखी अर्ध्या तासावर.

आधी डोंगराची ठेवण समजून घ्या

कोकणाकडे तुटलेला कडा आणि देशाकडे हळूहळू उतरणारं पठार ही सह्याद्रीची ठेवण आपल्या डोक्यात पक्की असते. व्होजमध्ये ती उलटी करायची. पश्चिमेला लोरेन प्रांत आहे, तिकडचा उतार लांब आणि संथ. पूर्वेला अल्सास. तिकडे डोंगर ऱ्हाईनच्या खचलेल्या खोऱ्यात एकदम कोसळतो. पाऊस मात्र इथेही पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळे तो संथ उतारावर रिकामा होतो आणि कड्याखालचा मुलूख पर्जन्यछायेत राहतो. कोलमार हे फ्रान्समधल्या सर्वात कमी पावसाच्या शहरांपैकी एक आहे.

याचे चालणाऱ्यासाठी सरळ अर्थ निघतात. कोलमार स्टेशनवर ऊन पडलंय म्हणून माथा मोकळा असेल असं समजू नका. हवामान बघताना शहराचं नाव न टाकता शिखराचं किंवा खिंडीचं टाका. माथ्यावर धुकं दाटलं तर पूर्वेकडची बाजू धोक्याची, कारण गवताळ सपाटी तिथे न सांगता संपते. थंडीत वारा बर्फ ढकलून याच काठावर पुढे आलेली छज्जी तयार करतो. वरून ती घट्ट जमीन वाटते, पण खाली पोकळी असते. या पूर्वेकडच्या कड्यांमध्ये हिमस्खलनं होतात आणि त्यात माणसं दगावलेली आहेत. आणखी एक, हा सुखाचा: हिमयुगातल्या हिमनद्यांनी या बाजूला मोठमोठे खोलगट कोरून ठेवले आहेत, आणि त्यांत तळी आहेत. लाक ब्लां, लाक नुआर, लाक व्हेर ही त्यातली नावाजलेली. बघण्यासारखं बरंचसं कड्याच्या पोटात आहे, म्हणून शक्यतो पूर्वेकडून चढा.

कधी जायचं

माथ्यावरच्या वाटांसाठी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, घाई नसते. ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो, तेव्हा एकच्या आत माथा गाठून कड्यावरून बाजूला व्हावं. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध. गर्दी ओसरलेली, गाई अजून वर, आणि बीचच्या झाडांना रंग यायला सुरुवात झालेली.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एक वेगळा प्रकार घडतो. ऱ्हाईनच्या मैदानावर धुक्याची दाट चादर दिवसेंदिवस बसून राहते, खाली सगळं करडं आणि ओलं, आणि हजार मीटरच्या वर लख्ख ऊन. अशा दिवशी समोर ब्लॅक फॉरेस्टची रांग आणि दक्षिणेला आल्प्सची बर्फाळ कडा दिसते. पण दिवस साडेचार वाजता संपतो. डोक्याला लावायचा टॉर्च पिशवीत हवाच, आणि बर्फ पडलेला असेल तर रुळलेल्या सोप्या वाटांपलीकडे जाऊ नका. माथ्यावरून जाणारा रूट द क्रेत हा रस्ता बर्फाच्या महिन्यांत मधल्या टप्प्यात बंद असतो, त्यामुळे गाडीवर विसंबून आखलेला बेत फसतो.

खुणा कशा वाचायच्या

व्होजचं खरं वैभव म्हणजे इथल्या वाटा. क्लब व्होजियें ही संस्था १८७२ साली साव्हेर्न या गावी स्थापन झाली आणि आजही तिचे स्वयंसेवक सुमारे २०,००० किलोमीटर वाटांची देखभाल करतात. झाडं तोडून वाट मोकळी करणं, पाट्या ठोकणं, रंग पुन्हा मारणं, सगळं हातांनी.

बाकीच्या फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा-लाल पट्टा असतो. इथे तो शोधत बसू नका. क्लबची स्वतःची पद्धत आहे: एक आकार, एक रंग. आयत, पत्त्यांतली चौकट, त्रिकोण, गोल, फुली, कडं. आणि लाल, निळा, पिवळा, हिरवा. लाल आयत म्हणजे मुख्य लांब वाट. भूमध्य समुद्रापर्यंत जाणारी जीआर ५ इथे लाल आयतानेच दाखवलेली आहे. कडं असेल तर ती फिरून मूळ जागी आणणारी वाट. सहकुटुंब जाणाऱ्यांनी आणि गाडी एकाच जागी लावणाऱ्यांनी कडंच धरावं. रंगावरून वाट सोपी की अवघड हे ठरत नाही. स्कीच्या उतारांवर निळा सोपा आणि लाल अवघड असतो, तो हिशोब इथे लावू नका.

निघण्याच्या ठिकाणी मोठी पाटी असते. तिचा फोटो काढा आणि आपली खूण मनात पक्की करा. पुढे ती खूण तळहाताहून लहान असते, झाडाच्या सालीवर रंगवलेली किंवा पत्र्याची ठोकलेली, साधारण डोळ्यांच्या उंचीवर. फाट्यावर ती फाट्याच्या थोडं पुढे दिसते. म्हणून फाट्यावर उभं राहून चारी दिशांना बघण्यापेक्षा एकेका वाटेने पन्नास पावलं जाऊन बघा. दहा मिनिटं चालून एकही खूण दिसली नाही, तर मागे फिरून शेवटच्या खुणेपर्यंत या. पुढे कुठेतरी मिळेलच, या आशेने चालत राहणारेच रानात फिरत बसतात. पाट्यांवर वेळ दिलेला असतो तो न थांबता चालणाऱ्याचा. खाणं, फोटो आणि गप्पा धरून दीडपट मोजा.

नकाशा १:२५,००० प्रमाणाचाच घ्या. फ्रान्सच्या राष्ट्रीय भौगोलिक संस्थेचे निळ्या वेष्टनातले नकाशे पुस्तकांच्या दुकानांत आणि पर्यटन कार्यालयांत मिळतात, आणि त्यांच्यावर क्लबच्या खुणाही छापलेल्या असतात. त्याच संस्थेचं ॲपही आहे. तरी दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज जाते, तेव्हा कागद सोबत असू द्या.

एकच दिवस असेल तर: मेत्सेरालहून ओनेक

ओनेक हे १३६३ मीटरचं शिखर. ग्रां बालोंपेक्षा ठेंगणं, पण पायी जाण्यासाठी माझ्या मते त्याहून कितीतरी सरस. ही वाट गाडीशिवाय करता येते, आणि व्होजमध्ये जे जे आहे त्याचा एकेक नमुना तिच्यावर भेटतो.

कोलमारहून मुंस्टरच्या दरीत एक छोटी लोकल रेल्वे जाते. तिचं शेवटचं स्टेशन मेत्सेराल. सकाळची लवकरची गाडी धरा आणि परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा चढण्याआधीच लिहून ठेवा. रविवारी गाड्या कमी असतात. मेत्सेरालमध्ये बेकरीत पाव घ्या, बाटल्या भरा. वर झरे आहेत, पण गाई चरणाऱ्या कुरणांखालचं पाणी तसंच पिऊ नये.

गावातून फेश्त नदीच्या काठाने श्टाइनाब्रुकपर्यंत अर्ध्या-पाऊण तासाचं सपाट चालणं. तिथे उजवीकडे वोर्मसाची दरी उघडते. गाडीने आलेले लोक इथूनच सुरुवात करतात. दरी हिमनदीने घासलेली, तळ रुंद, दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे गोटे घरंगळून पडलेले आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ इतकं जाड की बोट रुतावं. वाट दगडी आहे पण नीट बांधलेली. तासाभराच्या चढानंतर फिशबोड्ले हे तळं येतं, ७९४ मीटरवर. तळं कसलं, मोठं कुंडच. एकोणिसाव्या शतकात मुंस्टरच्या हार्टमान या कापडगिरणी मालकाने ट्राउट माशांसाठी ते बांधून घेतलं. एका अंगाला ओढा धबधब्याने येऊन पडतो, भोवती फरची काळपट झाडं. पहिली न्याहारी इथे करावी.

तिथून चढ वाढतो. झाडीतून वळणं घेत तुम्ही शीसरोट्रीड तळ्याच्या बांधावर येता. हे मोठं आहे, धरणाने वाढवलेलं, आणि त्याच्या मागे ओनेकचा पूर्वकडा प्रथमच पुरा दिसतो. उरलेला चढ सुमारे साडेचारशे मीटरचा, आणि तो दमवतो. पण चढताना रान कसं बदलतं ते बघा. खाली उंच सरळ फर, मग बीच, आणि वर जाता जाता तेच बीच वाऱ्याने पिळवटून माणसाच्या उंचीचे झालेले. मग झाडं संपतात आणि शोम लागतात. शोम म्हणजे माथ्यावरची गवताळ कुरणं. काही वाऱ्यामुळे आपोआप उघडी राहिलेली, बाकीची गुराख्यांनी शतकानुशतकं रान साफ करून केलेली.

माथ्यावर पोचल्यावर एक छोटासा अपेक्षाभंग होतो: पलीकडच्या बाजूने उन्हाळ्यात गाड्या वर येतात. चार तास घाम गाळून यावं आणि समोर कोणी चप्पल घालून आइस्क्रीम खात असावं, सिंहगडावर होतं तसं. दोनशे मीटर पुढे सरकून कड्याच्या बाजूला बसा. खाली खडकांवर शामवा दिसण्याची चांगली शक्यता असते. शेळी आणि हरणाच्या मधला वाटणारा हा प्राणी इथे १९५६ साली ब्लॅक फॉरेस्टमधून आणून सोडला गेला, आणि आता चांगला रुजला आहे. सूर्य पाठीशी आणि ढग पुढ्यात असेल तर इंद्रवज्र, म्हणजे ढगावर पडलेल्या आपल्या सावलीभोवतीचं गोल इंद्रधनुष्य, दिसू शकतं. हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या कोकणकड्यावर त्यासाठी सकाळ लागते, ओनेकचा कडा पूर्वेकडे बघतो म्हणून इथे उन्हं उतरतानाची वेळ.

उतरायला दोन पर्याय आहेत. शेफरटालच्या खिंडीतून गाश्नेकडे आणि तिथून म्युलबाखला उतरायचं. म्युलबाख याच रेल्वेवरचं स्टेशन आहे, म्हणजे आलेल्या वाटेने परतावं लागत नाही. चढ एकूण नऊशे मीटरचा आणि उतारही तेवढाच, तेव्हा गुडघे कुरकुरणाऱ्यांनी काठ्या आणाव्यात. दुसरा पर्याय माथ्यावरून उत्तरेला लाल आयत धरून श्लुख्तच्या खिंडीपर्यंत जाण्याचा, दीड तासाची जवळजवळ सपाट चाल. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी माथ्यावर बस धावते; ती त्या दिवशी आहे का, हे मुंस्टरच्या पर्यटन कार्यालयात विचारूनच हा पर्याय घ्या.

या चालीत वाटेच्या कडेला गुडघ्याएवढे दगड रोवलेले दिसतील. एका अंगाला एफ म्हणजे फ्रान्स, दुसऱ्या अंगाला डी म्हणजे डॉइचलांड, जर्मनी. १८७१ ते १९१८ या काळात फ्रान्स आणि जर्मनीची सीमा याच धारेवरून जात होती. रूट द क्रेत हा रस्ताही पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने आघाडीला रसद पोचवण्यासाठी बांधला, शत्रूच्या नजरेआड राहील असा. लेंज आणि हार्टमान्सविलरकोफ इथे खंदक अजून तसेच आहेत. तिथे वाट सोडू नका, आणि जमिनीतून डोकावणारं कुठलंही लोखंड हाताळू नका.

युद्धाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आपल्या माणसांची. दुसऱ्या महायुद्धात या रांगेच्या पश्चिमेला एपिनाल गावी जर्मनांनी भारतीय युद्धकैद्यांची छावणी ठेवली होती. मे १९४४ मध्ये अमेरिकी विमानांचे बॉम्ब छावणीवर पडले, भिंती कोसळल्या आणि शेकडो भारतीय सैनिक निसटून दक्षिणेकडे स्वित्झर्लंडला पोचले. वाटेतल्या खेड्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांना लपवलं आणि जेवू घातलं.

पाय पक्के असतील तर: सांतिये दे रोश

श्लुख्तच्या खिंडीपासून (११३९ मीटर) मुंस्टरकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडं खाली ही वाट सुरू होते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कड्याच्या अंगातून कोरलेली, लोखंडी कठडे, शिड्या आणि पूल बसवलेली. दोर लागत नाही, पण हात मोकळे हवेत आणि खोल दरीकडे बघून भोवळ येत असेल तर नाव काढू नका. लहान मुलं आणि कुत्री नकोत. पाऊस पडून गेल्यावर खडक साबणासारखा होतो; बर्फाच्या दिवसांत इथे अपघात होतात, तेव्हा तर पूर्ण वर्ज्य.

वाट फ्रांकेनटालच्या खोलगटात उतरते. तिथून फालिमोंच्या खिंडीत चढून माथ्यावरून परत श्लुख्तला यायचं, चार-पाच तास. फ्रांकेनटाल संरक्षित क्षेत्र आहे: वाट सोडायची नाही, फुलं-फळं तोडायची नाहीत, तंबू नाही. या रानांत ग्रां तेत्रा नावाचा मोठा रानकोंबडा आहे, जवळपास नामशेष झालेला. थंडीत त्याला एकदा दचकवून उडवलं तरी त्याची साठवलेली ताकद खर्ची पडते, म्हणून काही पट्टे बंद ठेवतात. पाटी दिसली की मुकाट्याने वळा.

गडांची आवड असणाऱ्यांसाठी उत्तरेकडे

दक्षिण व्होज ग्रॅनाइटची, उत्तर व्होज गुलाबी वालुकाश्माची. स्ट्रासबूर्गचं कॅथेड्रल याच दगडाचं. उत्तरेत उंची कमी, वाटा सोप्या, आणि रानात ठिकठिकाणी किल्ले. फ्लेकेनश्टाइन पाहिल्यावर आपल्याकडचा माणूस नक्की खूश होतो, कारण तिथे जिने आणि खोल्या थेट कातळात खोदलेल्या आहेत. तिथून लोवेनश्टाइन, होहेनबूर्ग आणि वेगेलनबुर्ग असे चार किल्ले अर्ध्या दिवसात होतात. शेवटचा जर्मनीत आहे. ओळखपत्र खिशात ठेवा. वर्षभर करता येण्याजोगी वाट.

मों सेंत-ओदील इथे मठाभोवती रानातून सुमारे १० किलोमीटर लांबीची प्रचंड दगडांची भिंत फिरते. दगड एकमेकांना ओकच्या लाकडी खिट्ट्यांनी जोडलेले होते, आणि त्या खिट्ट्यांच्या वर्षवलयांवरून काही लाकूड सातव्या शतकाच्या उत्तरार्धातलं निघालं. ती कोणी आणि का बांधली यावर वाद आहेत. भिंतीलगतची वाट सावलीची आहे, आजीआजोबांनाही थोडा भाग झेपतो. लहान मुलं असतील तर नीडेकचा धबधबा निवडा, २५ मीटरचा. मे महिन्यात जा, ऑगस्टमध्ये त्यात पाणी कमी असतं.

गोचीड, शिकार आणि आग

या रानातला सर्वात मोठा धोका अस्वल-लांडग्यांचा नाही, तिळाएवढ्या गोचिडीचा आहे. अल्सासमध्ये तिच्यामुळे होणाऱ्या लाइम रोगाचं प्रमाण फ्रान्सच्या बऱ्याच भागांपेक्षा जास्त आहे, आणि मेंदूज्वराचा एक प्रकारही तिच्यामार्फत पसरतो. मार्च ते नोव्हेंबर लांब पँट घाला आणि ती मोज्यांत खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानांमागे नीट बघा. फार्मसीत तीर-तीक नावाचा प्लॅस्टिकचा छोटा आकडा मिळतो. त्याने गोचीड फिरवत काढायची. तेल, स्पिरिट, काडी यातलं काही लावू नका. पुढच्या आठवड्यांत जागेवर लाल वर्तुळ पसरत गेलं किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा.

शरद ऋतूपासून रानडुकरांची हाकाऱ्याने शिकार चालते. वाटेवर ‘शास आँ कूर’ (शिकार सुरू आहे) अशी पाटी दिसली तर दुसरी वाट घ्या. भडक रंगाचं जॅकेट त्या दिवसांत कामी येतं. रानात आणि रानापासून २०० मीटरच्या आत आग पेटवायला बंदी आहे, त्यात चहाची चूलही आली. थर्मास भरून न्या. कुरणांचं फाटक उघडलंत तर लावून घ्या. अडचणीत ११२ लावा.

वरचं जेवण

कुरणांवर फेर्म-ओबेर्ज असतात, म्हणजे गाई पाळणारं आणि चालणाऱ्यांना जेवू घालणारं शेतघर. तिथल्या गाई काळ्या, पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या. ठरलेलं जेवण असतं: टूर्त म्हणजे मांसाचं सारण भरलेला पाय, मग खारवून धुरावलेलं डुकराचं मांस, सोबत मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले बटाटे, मुंस्टर चीज, आणि शेवटी रानातल्या मिर्तीय या निळ्या बोरांचा टार्ट. शाकाहारी लोकांनी फोनवरच सांगून ठेवावं. बटाटे निरुपद्रवी दिसतात, पण त्यातही बऱ्याचदा डुकराची चरबी असते. ‘सां व्यांद, सां लार’ म्हणजे मांस नको, चरबी नको. चीजमध्ये जनावराचं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पोटातला अर्क, असतं, आणि झीसकास नावाच्या गोड चक्क्यावर किर्श ही चेरीची दारू ओतून देतात. ती नको असेल तर आधी सांगा. बरीच शेतघरं सोमवारी आणि हिवाळ्यात बंद असतात. रोख पैसे ठेवा, आणि रविवारी जागा धरून ठेवल्याशिवाय जाऊ नका.

मिर्तीय जुलैअखेर पिकतात. परवानगी असेल तिथे हातानेच तोडा आणि खाण्याआधी शिजवा, कारण कोल्ह्याच्या विष्ठेतून एका पट्टकृमीची अंडी जमिनीलगतच्या फळांवर येऊ शकतात. धुतल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. टार्टमधली भाजलेली असतात, ती बिनघोर खा.